मायस्पेसचे एकवीस तास

२ फेब्रुवारी २०००
पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातलं सर्ट हे केंद्र संगणक-सुरक्षेच्या सूचना काढत असे. त्या दिवशी निघालेल्या सूचनेचा क्रमांक सीए-२०००-०२. विषय, वेबसाइटकडे येणाऱ्या मजकुरात दडवलेले घातक एचटीएमएल टॅग. एका माणसाने लिहिलेलं सर्व्हर दुसऱ्याच्या पानात छापतो. त्यात स्क्रिप्ट असली, तर दुसऱ्याचा ब्राउझर ती त्या साइटचीच समजून चालवतो. मुद्दा एवढाच होता.

वेब डेव्हलपरांसाठी निघालेल्या टिपणात उपायही होता. वाईट अक्षरांची यादी करून ती गाळत बसण्यापेक्षा, चालतील अशी अक्षरं कोणती ते ठरवा आणि तेवढीच आत येऊ द्या. साडेपाच वर्षांनंतर जे घडलं, त्यावरचा इलाज असा आधीच छापून झाला होता. म्हणून हा घटनाक्रम इथून सुरू करावा लागतो.

एप्रिल २००३
मायक्रोसॉफ्टच्या एएसपी डॉट नेट या वेब-चौकटीची १.१ आवृत्ती आली. तिच्यात एक नवी सोय होती. फॉर्ममधून टॅगसारखं काही आलं की सर्व्हर ती विनंतीच नाकारतो आणि त्रुटीचं पान दाखवतो. ही सोय मुळातच चालू असे. बंद करायला पानाच्या माथ्यावर एक शब्द पुरत असे: फॉल्स.

तो शब्द किती ठिकाणी लिहिला गेला असेल! ग्राहकाला मजकूर ठळक करता येईल असा एडिटर हवा असतो. एडिटर टॅग पाठवतो, पान कोसळतं, डेमो उद्यावर आलेला असतो. मग कुणीतरी फॉल्स लिहितं आणि पान चालू होतं. त्याच चौकटीत आणखी एक खाच होती. टेक्स्टबॉक्स हे कंट्रोल आपल्यातला मजकूर एन्कोड करून पानात लिही, लेबल मात्र आला तसा लिही. स्वतःचं कस्टम कंट्रोल लिहिणाऱ्याला तर प्रत्येक ओळीला स्वतःच ठरवावं लागे, मजकूर तसाच लिहायचा की एन्कोड करून. दोन्ही प्रकारे पान सारखंच दिसे. फरक कळायचा तो कुणी टॅग टाकल्यावर.

ऑगस्ट २००३
लॉस एंजेलिस परिसरात मायस्पेस हे सोशल नेटवर्क सुरू झालं. टॉम अँडरसन आणि ख्रिस डिवुल्फ हे त्याचे संस्थापक. साइट कोल्डफ्यूजनमध्ये लिहिलेली होती. या भाषेत सर्व्हरवरचं कामच टॅगांनी चालतं. डेटाबेसला प्रश्न विचारायचा तर टॅग, लूप फिरवायचा तर टॅग, स्वतःचं काही हवं असेल तर कस्टम टॅग.

सदस्यांना आपलं पान सजवता येत असे. मागचा रंग, चित्रं, मजकुराची मांडणी, सगळं एचटीएमएल आणि स्टाइल वापरून. इतर साइट्सवर सगळ्यांची पानं सारखी दिसत, इथे प्रत्येकाचं वेगळं. तरुण मंडळी त्यासाठीच येत होती. त्यामुळे टॅग सरसकट बंद करणं हा पर्याय कंपनीपुढे उरलेला नव्हता. टॅग चालू ठेवायचे, त्यातलं धोकादायक तेवढं गाळायचं, असं धोरण ठरलं. धोकादायक काय याची यादी केली गेली. यादीची दिशा सर्टच्या शिफारशीच्या नेमकी उलट होती.

फेब्रुवारी २००५
एकाच महिन्यात दोन गोष्टी घडल्या.

मॅक्रोमीडियाने कोल्डफ्यूजनची सातवी आवृत्ती आणली. तिच्यात स्क्रिप्टपासून बचावाची सोय होती. आलेल्या मजकुरात ऑब्जेक्ट, एम्बेड, स्क्रिप्ट, ॲप्लेट, मेटा या पाच टॅगांपैकी काही दिसलं, की त्याच्या जागी 'इनव्हॅलिड टॅग' असा निरुपयोगी शब्द लिहिला जाई. पाच नावांची यादी. डिव्ह त्यात नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं, कारण डिव्ह म्हणजे पानावरचा एक रिकामा चौकोन.

१८ फेब्रुवारीला जेसी जेम्स गॅरेट यांच्या लेखाने एका तंत्राला नाव दिलं: एजॅक्स. पान न बदलता, वापरणाऱ्याला न कळवता, पानातली स्क्रिप्ट सर्व्हरशी बोलू शकते. तंत्र आधीपासून होतं. नाव मिळाल्यावर ते सगळ्यांनी शिकून घेतलं. दुसऱ्याच्या पानात घुसलेल्या स्क्रिप्टला आता काय काय करता येईल, हा प्रश्न त्या उत्साहात फार थोड्यांनी विचारला.

१८ जुलै २००५
न्यूज कॉर्पने मायस्पेसची मूळ कंपनी इंटरमिक्स ५८ कोटी डॉलरना विकत घेण्याचं जाहीर केलं. ३० सप्टेंबरला व्यवहार पुरा झाला. साइट आता सँटा मोनिकातल्या तरुणांचा धडपडीचा उद्योग राहिली नव्हती, ती रूपर्ट मरडॉक यांच्या साम्राज्यात गेली होती. पान सजवण्याची मुभा तशीच होती. फिल्टरही तसाच.

चार दिवस उरले होते.

सप्टेंबर २००५
सॅमी कामकार लॉस एंजेलिसमध्ये राहत होता. वय १९. मायस्पेसवर त्याचं खातं होतं आणि साइटच्या मर्यादा त्याला खुपत होत्या. चित्रं १२च ठेवता येत, त्याला १३ हवी होती. नात्याविषयीच्या रकान्यात ठरलेल्या पर्यायांतलाच एक निवडता येई, त्याला तिथे आणखी एक शब्द घालायचा होता. दोन्ही गोष्टी त्याने साधल्या.

इथे थांबून पाहावं असं मला वाटतं. पानावर १२ चौकटी दिसतात, म्हणून १३वं चित्र येणार नाही, असं पान बनवणाऱ्याला वाटतं. पर्यायांच्या यादीत नसलेला शब्द कुणी पाठवणार नाही, असंही वाटतं. पण कंट्रोल हा फक्त ब्राउझरमधला देखावा आहे. सर्व्हरपर्यंत पोचतात ती नावं आणि त्यांच्या किमती. त्या कुणीही, कशाही लिहून पाठवू शकतो. कुंपण सर्व्हरवर नसेल तर ते कुठेच नसतं. तेरावं चित्र दिसत होतं, म्हणजे कुठलं तरी कुंपण नव्हतं. कुणाच्या लक्षात आलं नाही.

मग त्याने फिल्टरकडे मोर्चा वळवला.

पहिली पायरी. स्क्रिप्ट टॅग बंद. बॉडी टॅग बंद. ऑनक्लिकसारखे 'ऑन'ने सुरू होणारे गुणधर्म बंद. दुव्यात 'जावास्क्रिप्ट' लिहिणं बंद. चालू काय? दुव्याचा ए, चित्राचा आयएमजी आणि डिव्ह. डिव्हला स्टाइल देता येते, स्टाइलमध्ये पार्श्वभूमीच्या चित्राचा पत्ता देता येतो. त्या पत्त्याच्या जागी 'जावास्क्रिप्ट:' लिहून पुढे कोड दिला, तर इंटरनेट एक्सप्लोरर तो चालवत असे. सफारीच्या काही आवृत्त्याही. तेव्हा बहुतेक लोक इंटरनेट एक्सप्लोररच वापरत.

दुसरी पायरी. फिल्टर 'जावास्क्रिप्ट' हा शब्द दिसेल तिथून काढून टाकत होता. त्याने तो दोन ओळींत लिहिला.

जावा
स्क्रिप्ट

फिल्टरला हे दोन वेगळे, निरुपद्रवी शब्द दिसले. इंटरनेट एक्सप्लोररने मधली ओळतोड गिळली आणि एक शब्द वाचला.

सगळा घटनाक्रम या दोन ओळींवर उभा आहे. मजकूर एकच होता. सर्व्हरने तो वाचला, ब्राउझरनेही वाचला, पण दोघांची वाचण्याची रीत वेगळी होती. फिल्टर लिहिणाऱ्याने सर्व्हरच्या रीतीने यादी केली. कोड चालणार होता तो ब्राउझरच्या रीतीने. आणि ब्राउझर काही एकच नव्हता. प्रत्येकाच्या सवयी निराळ्या, तुटकं एचटीएमएल सांधून घेण्याच्या तऱ्हा निराळ्या. त्या सगळ्या सवयी ओळखून वाईटाची यादी पुरी करणं कुणाच्याही आवाक्यातलं नव्हतं.

तिसरी पायरी. अवतरणचिन्हं संपली होती. एकेरी आणि दुहेरी दोन्ही टॅग लिहितानाच खर्ची पडली होती. म्हणून मुख्य कोड त्याच डिव्हच्या दुसऱ्या एका, स्वतः बनवलेल्या गुणधर्मात ठेवला आणि स्टाइलमधून फक्त त्याला हाक मारली. असा गुणधर्म एचटीएमएलमध्ये नाही. ब्राउझर त्याबद्दल तक्रार करत नाही, फिल्टरनेही केली नाही. कोडमध्ये जिथे अवतरणचिन्ह लागलंच, तिथे ते चिन्ह न लिहिता त्याचा आकडा लिहिला, ३४.

चौथी पायरी. पानातला मजकूर वाचायला लागणारा 'इनरएचटीएमएल' हा शब्द फिल्टर काढत होता. त्याने तो दोन तुकड्यांत लिहून अधिकचं चिन्ह देऊन जोडला. सर्व्हरचं उत्तर आलं की कळवणाऱ्या 'ऑनरेडीस्टेटचेंज'चेही तसेच दोन तुकडे. यादीत शब्द पुरे होते, त्याच्या कोडमध्ये एकही पुरा नव्हता.

पाचवी पायरी. मायस्पेसकडे एक चांगला बचावही होता, तोही नोंदला पाहिजे. मित्र जोडण्यासारखी कृती करताना सर्व्हर आधी पानात एक यादृच्छिक खूण छापे, आणि ती खूण परत आली तरच कृती मान्य करी. बाहेरच्या साइटवरून खोटी विनंती पाठवणाऱ्याला ही खूण मिळत नाही. पण हा कोड बाहेर नव्हता. तो मायस्पेसच्याच पानात होता. त्याने आधी ते पान गुपचूप मागवलं, त्यातली खूण वाचली आणि विनंतीसोबत पाठवली. प्रोफाइलचं पान एका सबडोमेनवर होतं आणि मित्र जोडण्याचं दुसऱ्यावर, म्हणून कोड आधी पाहणाऱ्याला नकळत दुसऱ्या पत्त्यावर नेई. पान तेच दिसे, फक्त वरच्या पट्टीत पत्त्याची सुरुवात बदले.

सहावी पायरी हा निर्णय होता. इथवरचा कोड फक्त सॅमीच्या पानावर येणाऱ्याला त्याचा मित्र करत होता. पान पाहायला येणारे मोजके, तेव्हा मित्रही मोजकेच वाढले असते. त्याने आणखी एक काम जोडलं. पाहणाऱ्याच्या प्रोफाइलमधल्या 'हिरो' या रकान्यात, आधीचा मजकूर तसाच ठेवून, शेवटी एक ओळ: पण सगळ्यात जास्त, सॅमी माझा हिरो आहे. आणि त्या ओळीला चिकटून हा सगळा कोड. आता पाहणाऱ्याचं पानही तेच काम करणार होतं.

रकान्यात मावणाऱ्या अक्षरांना मर्यादा होती. कोड तेवढ्यात बसवला.

मंगळवार, ४ ऑक्टोबर २००५
यापुढच्या वेळा लॉस एंजेलिसच्या आणि आकडे कामकारने स्वतः नोंदवून पुढे प्रसिद्ध केलेले.

मध्यरात्री १२:३४
मित्र ७३. त्याने कोड आपल्या प्रोफाइलमध्ये ठेवला आणि जतन केला. फिल्टरने मजकूर तपासला. यादीतला एकही शब्द सापडला नाही. मजकूर डेटाबेसमध्ये गेला.

पहाटे १:३०
मित्र ७३. मैत्रीची विनंती १. एका मित्राच्या मैत्रिणीने त्याचं पान उघडलं होतं. तिने कुठलंही बटण दाबलं नव्हतं. त्याने विनंती स्वीकारली आणि तो झोपायला गेला.

तिचं पान आता दुसरं उगमस्थान झालं होतं.

पहाटे १:३० ते सकाळी ८:३५
ही सात तासांची रात्र सर्व्हरच्या बाजूने पाहिली पाहिजे. विनंत्या येत होत्या. प्रत्येक विनंती खऱ्या सदस्याच्या ब्राउझरमधून, त्याने रीतसर लॉगिन केल्यानंतरची. कुकी बरोबर. खूण बरोबर. मैत्रीची मागणी आणि रकान्यातली दुरुस्ती, दोन्ही कामं सदस्य एरवीही रोज करतात. अशी प्रत्येक विनंती एकटी पाहिली तर तिच्यात दोष नव्हता. दोष होता तो सगळ्या विनंत्यांत तेच एक नाव असण्यात, आणि शेकडो लोकांच्या हिरोच्या रकान्यात शब्दन् शब्द सारखा मजकूर येण्यात. ते दिसायला कुणीतरी बेरीज करावी लागते.

सकाळी ८:३५
मित्र ७४. विनंत्या २२१.

उठल्यावर त्याने हिशेब केला. आठ तासांत दोनशे, म्हणजे दिवसाला सहाशे. हिशेब सरळ वाढीचा होता. काल रात्री पान एक होतं, आता दोनशेहून अधिक होती आणि शाळा-कॉलेजची मुलं, ऑफिसची माणसं जागी होत होती.

थांबवणं या घडीला शक्य होतं. दोनशे पानांतला एक रकाना रिकामा करायचा होता. ते काम मायस्पेसच करू शकत होतं, आणि मायस्पेसला अजून पत्ता नव्हता.

सकाळी ९:३०
मित्र ७४. विनंत्या ४८०. पंचावन्न मिनिटांत २५९ नव्या. वाढ चक्रवाढीची आहे, हे या नोंदीपाशी त्याच्या लक्षात आलं.

सकाळी १०:३०
मित्र ५१८. विनंत्या ५६१. निरोप येऊ लागले. आपण जोडलं नसताना हा माणूस आपल्या यादीत कसा, असं लोक विचारत होते. काहींना राग होता, काहींना गंमत वाटत होती.

दुपारी १:३०
मित्र २,५०३. विनंत्या ६,३७३. सकाळच्या साडेदहापासून आकडा साधारण तासाला दुप्पट होत आला होता.

लोक त्याला यादीतून काढत होते. काढून झाल्यावर दुसऱ्या कुणाचं पान पाहत, किंवा स्वतःचंच, आणि तो परत यादीत येई. यादीतलं नाव हा परिणाम होता, कारण हिरोच्या रकान्यात होतं. रकाना साफ झाला का हे पाहायला प्रोफाइल उघडावं, आणि त्यात कोड उरला असेल तर उघडताक्षणी तो पुन्हा चालावा. आपल्यावर हॅकिंग केल्याची तक्रार मायस्पेसकडे केली आहे, असंही काहींनी त्याला कळवलं.

खातं बंद करायचं त्याने ठरवलं. पण तेवढ्याने कोडचं पसरणं थांबणार नव्हतं. कोड पानातून पानात जात होता, मूळ पानाची त्याला गरज नव्हती. सहाव्या पायरीवर जो निर्णय झाला, तो आता मागे घेता येत नव्हता.

दुपारी १:३० ते संध्याकाळी ६:२०
या चार तास पन्नास मिनिटांची नोंद नाही. दोन टोकांच्या आकड्यांवरून हिशेब केला तर दुपटीचा काळ साधारण ४३ मिनिटांवर आलेला दिसतो. सकाळी तो तासाचा होता. दुपार उलटली, शाळा सुटल्या, लोक घरी येऊन संगणकापुढे बसले.

मायस्पेसच्या फिल्टरमध्ये एक ओळ वाढवून नव्या लिखाणातून हा कोड अडवता आला असता. आधीच डेटाबेसमध्ये गेलेल्या लाखो रकान्यांना तो फिल्टर लागला नसता, कारण फिल्टर लिहिताना चालतो, दाखवताना नाही. वेबचं काम शिकणाऱ्याला मी हीच गोष्ट सगळ्यात आधी सांगतो: आत येताना तपासलेला मजकूर बाहेर जाताना सुरक्षित असतोच असं नाही. त्या संध्याकाळी मायस्पेसच्या डेटाबेसमध्ये जे काही होतं, ते सगळं आत येताना तपासून झालेलं होतं.

संध्याकाळी ६:२०
मित्र २,५०३. विनंत्या ९,१७,०८४.

तीन सेकंदांनी पान पुन्हा उघडलं. ९,१८,२६८.

आणखी तीन सेकंद. ९,१९,६६४.

सेकंदाला चारशेच्या वर. प्रत्येक नव्या विनंतीमागे सर्व्हरला कित्येक कामं होती. मित्र जोडण्याचं पान द्यायचं, खूण बनवायची, खूण तपासायची, विनंती नोंदवायची. मग हिरोच्या रकान्याचं पान, त्याची खूण, त्याचं लिखाण. आणि आधीच बाधलेला सदस्य दुसरं बाधलेलं पान पाहील तेव्हा यातलं बरंचसं पुन्हा.

काही मिनिटांनी, १०,०५,८३१.

संध्याकाळी ७:०५
एका मित्राने त्याला कळवलं की प्रोफाइल उघडत नाही. स्वतःचं नाही, कुणाचंच नाही. ग्रुप नाहीत, मित्रांची यादी नाही. देखभालीसाठी साइट बंद आहे आणि सगळी मंडळी कामाला लागली आहेत, असा निरोप जिकडेतिकडे दिसत होता.

कोडने पासवर्ड चोरले नव्हते, काही पुसलं नव्हतं, कुणाचे निरोप वाचले नव्हते. हे सगळं त्याला करता आलं असतं. लॉगिन केलेल्या सदस्याला जे जे करता येतं, ते ते त्या डिव्हमधून करता येत होतं.

रात्री ९:३०
साइट परत सुरू झाली. पसरणारा कोड रकान्यांतून काढलेला होता. 'सॅमी माझा हिरो आहे' हे वाक्य मात्र असंख्य पानांवर तसंच होतं, कारण त्या वाक्यात धोका नव्हता.

३१ जानेवारी २००७
२००६ मध्ये अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने कामकारच्या घराची झडती घेतली होती. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या सुपीरियर कोर्टात त्याने गुन्हा कबूल केला. तीन वर्षं प्रोबेशन, ९० दिवस समाजसेवा, मायस्पेसला भरपाई आणि संगणक वापरण्यावर निर्बंध. पुढे तो सुरक्षा-संशोधक म्हणून नावाजला गेला.

ओवास्प या संस्थेत त्यानंतर एक प्रकल्प उभा राहिला, नाव अँटीसॅमी. सर्व्हरवर वापरायचं हे साधन आलेल्या एचटीएमएलचं आधी ब्राउझरसारखं झाड बनवतं, मग धोरणाच्या फाइलमध्ये परवानगी असलेले टॅग, गुणधर्म आणि स्टाइल तेवढ्या ठेवतं. ज्याचं नाव फाइलमध्ये नाही ते आपोआप बाहेर. ओळतोड घाला, शब्द तोडा, आकडे लिहा, परवानगीच्या यादीवर त्याचा परिणाम होत नाही. सोबत काही तयार धोरणं दिली जातात. त्यातलं एक मायस्पेसच्या नावाचं आहे, सदस्यांना पान भरपूर सजवू द्यायचं असेल अशा साइटसाठी. म्हणजे सजावट आणि सुरक्षा यांतून एकच निवडायची वेळ मायस्पेसवर आलेली नव्हती. दोन्ही साधता आलं असतं.

डिसेंबर २००७
तसंच पुन्हा घडलं, या वेळी सोशल नेटवर्क होतं गूगलचं ऑर्कुट. ब्राझील आणि भारत ही त्याची दोन मोठी घरं होती. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत त्या वर्षी फोन नंबरच्या आधी ऑर्कुटचा पत्ता विचारला जात होता. स्क्रॅपमध्ये, म्हणजे एकमेकांच्या वहीत लिहायच्या निरोपांत, टॅग चालत, रंगीत शुभेच्छा पाठवता येत. पोर्तुगीज भाषेत नव्या वर्षाचा उल्लेख करणारा एक स्क्रॅप लाखो वह्यांत जाऊन बसला. वाचणाऱ्याला तो नकळत एका कम्युनिटीत ओढत होता आणि त्याच्या मित्रांकडे स्वतःची प्रत पाठवत होता.

२१ सप्टेंबर २०१०
ट्विटर. कॅलिफोर्नियाच्या वेळेनुसार पहाटे २:५४ ला कंपनीला कळलं की ट्वीटमधल्या दुव्यावर नुसता माउस नेला तरी कोड चालतो. सकाळी ७ पर्यंत मुख्य दोष बुजवला. कंपनीने नंतर सांगितलं की हा दोष महिन्यापूर्वी सापडला होता आणि दुरुस्तही झाला होता. मग साइटच्या एका बदलाबरोबर तो परत आला.

शनिवार, २५ सप्टेंबर २०१०
ऑर्कुटवर, पुन्हा. या वेळी स्क्रॅपमध्ये दोनच पोर्तुगीज शब्द होते, शुभ शनिवार. स्क्रॅपबुक उघडलं की तो पुढच्यांच्या वह्यांत जात होता. भारतातल्या लोकांनीही त्या दिवशी आपल्या मित्रांना तो पाठवला, न पाठवता.